शिशाचे दस्तऐवज

‘तोफ’ हा शब्द मराठीत तुर्कीतून आला. त्या भाषेत ‘टोप’ म्हणजे चेंडू किंवा गोल वस्तू. पुढे तो गोल फेकणाऱ्या यंत्रालाच तेच नाव पडले. ‘बंदूक’ हा शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आला. मूळ ‘बुंदुक’ हे एका टणक, वाटोळ्या फळाचे नाव. त्यावरून गलोलीतून वा नळीतून सुटणारी गोळी, आणि शेवटी ती सोडणारे हत्यार. ‘दारू’ हा फारसीत औषधाचा शब्द, आणि आपली ‘गोळी’ तर औषधाचीही असते, मुलांच्या खेळातलीही असते आणि छातीत शिरणारीही असते. म्हणजे भाषेने हत्याराला जे नाव दिले ते हत्यारातून सुटणाऱ्या वस्तूवरून दिले. आपल्या इतिहासलेखनात आणि वस्तुसंग्रहालयांत मात्र नेमके उलट घडले. जतन झाले ते हत्यार, आणि गोळी मातीत राहिली.

याचे कारण उघड आहे. तलवारीच्या मुठीवर कोफ्तगरी असते, पात्यावर कधी नाव असते, घराण्यात तिची आख्यायिका असते. तोड्याच्या बंदुकीच्या दस्त्यावर हस्तिदंताचे काम असते. शिशाच्या गोळीवर मात्र काहीही नसते. तिला ना नाव, ना सन, ना मालक. जो तिला ओततो तो ती गमावण्यासाठीच ओततो. ज्यांनी महाराष्ट्रात जुन्या वस्तू जमवण्याच्या छंदाला प्रतिष्ठा मिळवून दिली, ते पुण्याचे दिनकर केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे होते. त्यांच्या संग्रहातील दिवे, अडकित्ते, दरवाजे आणि वाद्ये पाहताना जाणवते, की संग्राहकाच्या नजरेला कारागिराच्या हाताची खूण हवी असते. गोळीत ती जवळजवळ नसतेच. म्हणूनच जुन्या लष्करी गोळ्या जमवण्याचा छंद आपल्याकडे उशिरा आला आणि आजही तो थोडासा संकोचानेच जगतो.

हा छंद तरीही आहे, आणि जगभर आहे. जमवणाऱ्यांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. एक वर्ग धातूच्या काडतुसांच्या युगाचा. ‘काडतूस’ हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा त्याचा अर्थ दारू आणि गोळी बांधलेली कागदी पुडी असा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुडी पितळेची झाली आणि तिच्या बुडावर अक्षरे उमटू लागली. खडकी येथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. तेथे तयार झालेल्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडावर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे असतात, आणि बहुधा सालही असते. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस असलेली पुष्पिका आपण जशी वाचतो, तसा हा मजकूर वाचता येतो: कोठे, केव्हा, कोणासाठी. साहजिकच या वर्गातील संग्राहकांचे काम पुष्कळसे सूचीकाराचे असते. तेथे शास्त्र आहे, शिस्त आहे आणि वाद घालायलाही जागा आहे.

दुसरा वर्ग त्याआधीच्या गोळ्यांचा. त्यांना पुष्पिका नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः याच गोळ्या आहेत, आणि त्यांचा विचार करण्यासाठी त्र्यंबकेश्वराइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

त्र्यंबकला येणारा भाविक ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेतो, कुशावर्तात स्नान करतो आणि जमल्यास ब्रह्मगिरीवर गोदावरीचा उगम पाहण्यासाठी चढतो. आपण ज्यावर चढलो तो एक लढवय्या किल्ला आहे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. १६३६ साली शहाजीराजांना जे किल्ले सोडून द्यावे लागले त्यांत त्र्यंबक होता. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला. पुढे तो मोगलांकडे गेला, निजामाकडे गेला आणि पेशवाईत पुन्हा मराठ्यांकडे आला. खाली नानासाहेब पेशव्यांच्या काळात आजच्या मंदिराचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा वर तोफा होत्या. तीर्थ आणि गड एकाच कड्याच्या दोन बाजू होत्या.

या गडाची शेवटची मोठी लढाई एप्रिल १८१८ मधली. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अखेरीस कर्नल मॅकडॉवेलची फौज अंकाई, राजदेहेर असे किल्ले घेत त्र्यंबकपाशी येऊन ठेपली. महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत खालून जड तोफांचा मारा झाला, वरून गोळ्यांबरोबर मोठमोठे दगडही लोटले गेले, आणि थोड्याच दिवसांत गड खाली झाला. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गडावर सापडलेल्या तोफांची नोंद आहे: एकूण पंचवीस, तेहतीस पौंडी तोफेपासून एक पौंडीपर्यंत. त्र्यंबक पडल्याचे ऐकून आसपासचे आणखी सतरा किल्ले न लढता स्वाधीन झाले, असेही तेथे म्हटले आहे.

ही सगळी माहिती आली कोठून? जिंकणाऱ्यांकडून. मोहिमेत असलेल्या व्हॅलेंटाइन ब्लॅकरने १८२१ मध्ये या युद्धाचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. गॅझेटियरकारांनी अशाच इंग्रजी साधनांवर भिस्त ठेवली. गडावर जे उभे होते त्यांना तो दिवस कसा दिसला, कोणत्या बाजूने किती वेळ बंदुका चालल्या, दरवाजापाशी झुंज झाली की ती केवळ दुरून झालेली फैर होती, हे सांगणारा त्यांच्या बाजूचा तितका सविस्तर वृत्तांत आपल्यापुढे नाही. एकोणचाळीस वर्षांनंतरही परिस्थिती फारशी बदलत नाही. ऑक्टोबर १८५७ मध्ये नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला; ५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल आणि ठाकूर यांनी त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला; मग डोंगरांतून पाठलाग सुरू झाला; १८५९ मध्ये भागोजी नाईक मारले गेले. ज्यांनी हल्ला केला ते लिहिणारे लोक नव्हते. त्यांचा उठाव आपल्याला माहीत आहे तो त्यांना पकडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतून.

शिशाच्या गोळीचे महत्त्व सुरू होते ते येथे. दोन्ही बाजूंनी झाडलेल्या गोळ्या एकाच मातीत पडतात, आणि माती कोणाची बाजू घेत नाही.

गोळी काय सांगू शकते, हे थोडे तपशिलाने पाहू. कंपनीच्या शिपायाजवळ असलेल्या चकमकीच्या बंदुकीच्या नळीचा व्यास पाऊण इंच असे आणि तिची गोळी मुद्दाम थोडी लहान, सुमारे तीस ग्रॅम वजनाची. दारूची काजळी साठून नळी अरुंद झाली तरी गोळी आत उतरावी, हा त्यामागचा हेतू. कारखान्यातून एका मापाच्या बंदुका आल्या म्हणजे गोळ्याही एका मापाच्या येतात. तोड्याच्या बंदुकीचे तसे नसते. ती एका लोहाराने किंवा कारागिराने घडवलेली असते, तिची नळी तिची स्वतःची असते आणि तिच्या मापाचा साचाही वेगळा असतो. म्हणून एखाद्या उतारावर निरनिराळ्या मापांच्या गोळ्या मिळाल्या तर त्या शिबंदीच्या किंवा गावच्या बंदुकांच्या असण्याचा संभव अधिक. एकाच मापाच्या अनेक मिळाल्या तर कवायती पलटणीच्या. अर्थात महादजी शिंद्यांच्या काळापासून मराठ्यांच्याही कवायती पलटणी होत्या, तेव्हा हा नियम डोळे मिटून लावता येत नाही.

गोळीच्या अंगावरही काही लिहिलेले असते. साच्याच्या दोन पाळ्या जुळतात तेथे एक बारीक शिवण राहते. शिसे ओतण्याच्या तोंडापाशी कापल्याची चपटी खूण राहते. गजाने ठासताना एका बाजूला दाब पडतो. दगडावर आदळलेली गोळी चपटी होते, मऊ मातीत शिरलेली जवळजवळ अखंड राहते, आणि घाईत शिपायाच्या हातून निसटलेली तर साच्यातून आताच निघाल्यासारखी दिसते. दीड-दोनशे वर्षांत शिशावर पांढुरका थर चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोळीचा आकार बदलला: फ्रान्समध्ये मिन्ये याने लांबट, बुडाशी पोकळ गोळी प्रचारात आणली, आणि त्याच कुळातील गोळी एन्फिल्ड रायफलीबरोबर हिंदुस्थानात आली. तिच्या कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. त्यानंतर काय झाले ते तितके परिचित नाही. हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम आतून गुळगुळीत नळीची, म्हणजे कमी पल्ल्याची व कमी अचूक बंदूक देण्यात आली. नळीच्या आतले आटे गोळीवर उमटतात. ते उमटलेले नसणे हाही मग एका राजकीय निर्णयाचा पुरावा ठरू शकतो.

येथवर आलेल्या वाचकाला वाटेल, की मग गोळ्या जमवणारे छांदिष्ट हे इतिहासाचे मोठेच सेवक होत. ते तसे आहेतही आणि नाहीतही, आणि हा प्रश्न शांतपणे तपासण्यासारखा आहे.

त्यांच्या बाजूने बोलायचे तर, ते नसते तर यांतील पुष्कळ वस्तू भंगारात गेल्या असत्या. शिसे सहज वितळते आणि त्याला नेहमीच भाव असतो. मासेमाराच्या जाळ्याला वजने लागतात, आणि एके काळी छापखान्याच्या खिळ्यांनाही शिसेच लागे. ज्या धातूची अक्षरे झाली त्याच धातूच्या गोळ्या झाल्या, आणि दोन्ही वितळून पुन्हा काहीतरी दुसरे होत राहिले. वेढ्यांच्या काळीही शत्रूचे पडलेले गोळे वेचून उलट त्याच्यावरच डागण्याची रीत होती. लढाईनंतर रानात शिसे वेचणारे हात तर नेहमीचेच. तेव्हा एखाद्या गृहस्थाने चार गोळ्या कापसात ठेवून डबीत जपल्या असतील, तर त्याने त्या चार गोळ्या भट्टीपासून वाचवल्या, हे मान्य केले पाहिजे.

दोष संग्रह करण्याच्या तऱ्हेत आहे. संग्राहकाला प्रत्येक प्रकारचा एक नमुना हवा असतो, आणि तो शक्यतो निर्दोष हवा असतो. इतिहासाला याच्या अगदी उलट हवे असते. त्याला एकाच प्रकारच्या शंभर गोळ्या हव्यात, चपट्या झालेल्या आणि तुटलेल्यासुद्धा, कारण मापांतील साम्य आणि भेद शंभरांतच दिसतो. बाजारात अखंड गोळीला किंमत अधिक. पण अखंड गोळी बहुधा हातातून पडलेली असते. जी कोठेतरी जाऊन लागली ती विद्रूप असते, आणि तिच्या विद्रूपपणातच घटना असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गोळीचा अर्थ तिच्या अंगापेक्षा ती जेथे पडली त्या जागेत अधिक असतो. त्र्यंबकच्या एखाद्या उतारावर १८१८ ची वाटोळी गोळी, १८५७-५८ च्या पाठलागातली गोळी आणि एखाद्या शिकाऱ्याची गोळी एकमेकींपासून चार हातांवर पडलेल्या असू शकतात. त्या जागेवर असतात तोवर त्यांच्यात भेद करण्याची थोडी तरी आशा असते. एका डबीत पडल्या की त्या तीन गोळ्या नुसते शिसे होतात. पोथीचे पान फाडून त्यावरील एखादे सुरेख अक्षर कापून जपावे, तसेच हे आहे.

जागा किती बोलते याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टरची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी नष्ट केली. कस्टरचे शेवटपर्यंत निर्धाराने झुंजणारे चित्र पुढे शंभर वर्षे पुस्तकांत आणि चित्रांत रंगवले गेले. आदिवासींच्या तोंडी साक्षींना कोणी फारसे महत्त्व दिले नाही. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागून गवत जळाले आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आदी पुरातत्त्वज्ञांनी तेथे पद्धतशीर सर्वेक्षण केले. मेटल डिटेक्टर घेऊन चालणाऱ्यांत छांदिष्ट स्वयंसेवकच होते. सापडलेली गोळी वा पुंगळी कोणी खिशात घातली नाही. आधी तेथे झेंडी लावली, जागा मोजून नकाशावर नोंदली, मग वस्तू उचलली. एकाच बंदुकीतून सुटलेल्या पुंगळ्या कोठून कोठे सरकल्या यावरून माणसे कशी पळाली, कोठे थांबली, कोठे फळी मोडली, हे उलगडत गेले. आणि जे चित्र समोर आले ते अनेक बाबतींत त्या दुर्लक्षित तोंडी साक्षींशी जुळणारे होते. ज्यांनी लिहिले नव्हते त्यांची बाजू शिशाने आणि पितळेने मांडली. भागोजी नाईकांच्या मुलखात राहणाऱ्यांनी यावर थोडा वेळ थांबून विचार करावा.

एकत्र सापडण्यालाही असाच अर्थ असतो. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात, नगर येथे, एका कोरड्या विहिरीत २०१८ मध्ये हजाराहून अधिक लोखंडी अग्निबाण मिळाले. ते हैदर-टिपूंच्या काळचे मानले जातात. ते एकेक करून बाजारात आले असते तर कुतूहलाच्या वस्तू ठरले असते. एका जागी हजार मिळाले म्हणून तो शस्त्रसाठा ठरला.

वस्तूची जागा आणि तिची संगत नोंदवण्याची ही दृष्टी आपल्याला परकी आहे, असे म्हणता येणार नाही. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून मराठी संशोधकाला कागद कोणत्या गावी, कोणाच्या दप्तरात, कशा अवस्थेत मिळाला हे सांगण्याची सवय लागली. त्र्यंबकच्या वाटेवरच, अंजनेरीला, १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था उभी राहिली. नाण्यांच्या बाबतीत छंद आणि विद्या यांची गाठ पडली ती अशी: जमवणारे आणि अभ्यासणारे एकाच दालनात आले, निधीची जागा व त्यातील नाण्यांची एकूण संख्या यांना महत्त्व आले. त्याच रस्त्याने आणखी काही किलोमीटर पुढे गेले की ज्या गडाच्या पायथ्याशी शिसे सांडले तो गड आहे. पण तेथल्या गोळीला असे दालन मिळालेले नाही. कागदाला मंडळ मिळाले, नाण्याला संस्था मिळाली, गोळीला फक्त डबी मिळाली.

नाशिक परिसरापुरते बोलायचे तरी ही उणीव लहान नाही. येथून जवळच असलेला रामसेज १६८२ पासून मोगलांशी कित्येक वर्षे झुंजला. गडावर लोखंडी तोफा नसल्यामुळे किल्लेदाराने लाकडी ओंडके कोरून, चामड्याने मढवून त्यांच्या तोफा केल्या, असे खाफीखानाने नमूद केले आहे. लाकूड आणि चामडे कुजून गेले. त्या तोफा आता कोणालाही सापडणार नाहीत. ती हकीकत खरी की रंगवलेली, याची तपासणी करता येईल तर ती त्यांतून जे सुटले त्यावरूनच. आज दुर्गप्रेमी मंडळी किल्ल्यांवरील टाक्यांतला गाळ उपसतात, तेव्हा दगडी आणि लोखंडी गोळे पुष्कळदा वर येतात. त्यांचे छायाचित्र निघते, हार घातला जातो, गोळा देवळापाशी किंवा दरवाजापाशी ठेवला जातो. तो गाळाच्या कोणत्या थरात होता, त्याचा व्यास आणि वजन किती, सोबत आणखी काय होते, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. त्र्यंबकला तर दर बारा वर्षांनी सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि वाहनतळ यांची खोदाई होते. त्या मातीबरोबर काय जाते याचा हिशेब कोण ठेवतो?

कायद्याची चौकट थोडक्यात सांगितली पाहिजे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खणता येत नाही. १८७८ च्या निधीविषयक कायद्यानुसार जमिनीत सापडलेली मूल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या व्यापारावर आणि त्या परदेशी नेण्यावर बंधने घातली आहेत. जिवंत काडतूस परवान्यावाचून बाळगणे शस्त्रकायद्याने गुन्हा आहे, मग ते कितीही जुने आणि देखणे असो. लष्करी सरावाच्या माळरानावर भंगारासाठी न फुटलेले गोळे उचलताना देशात अनेकांनी जीव गमावला आहे. गंजलेला गोळा म्हणजे मेलेला गोळा, असे समजणे हा त्यातला सर्वांत घातक भ्रम.

कायदा उचलू नका एवढेच सांगतो. नोंदवा असे सांगणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या जुन्या वस्तूंची, ठिकाणासह, स्वेच्छेने नोंद घेणारी योजना चालू आहे. पंधराव्या शतकातील बॉसवर्थच्या लढाईचे मैदान परंपरेने मानलेल्या जागेपासून बरेच दूर होते, हे तेथे शिशाच्या गोळ्यांच्या नोंदींनीच या शतकात दाखवून दिले. आपल्याकडे एवढी यंत्रणा उद्याच उभी राहील असे नाही. परंतु तिचा प्रारंभ एखाद्या महाविद्यालयाच्या नोंदवहीतूनही होऊ शकतो. त्या वहीत रकाने थोडेच हवेत: जागा, दिनांक, व्यास, वजन, आकार, सोबतच्या वस्तू, आणि जवळच्या वाडीवस्तीत त्या जागेविषयी काय सांगतात ते. शेवटचा रकाना भाषा आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी भरावा. ‘फुसका बार’ म्हणणारी आणि ‘तोफेच्या तोंडी देणे’ हा वाक्प्रचार सहज वापरणारी भाषा एखाद्या उताराला, घळीला किंवा खडकाला काय नाव देते, हे ऐकायला त्यांच्याइतका तयार कान दुसरा नाही. वस्तू मात्र जागची हलवू नये. तिची माहिती पुरातत्त्व खात्याला द्यावी.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. त्यांत नाशिक जिल्ह्यातील साल्हेर आहे, त्र्यंबक नाही. त्या नामांकनाचा शब्द मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे: लष्करी भूदृश्य. वारसा म्हणून मान्य झाला तो सुटा दरवाजा किंवा सुटी तोफ नव्हे, तर डोंगर, वाट, पाणी आणि तटबंदी यांचा परस्परसंबंध. गोळी या संबंधातलाच सर्वांत लहान घटक आहे. कोणीतरी कोठून तरी कोणावर तरी ती सोडली. या तीन सर्वनामांच्या जागी नामे घालता आली तरच ती इतिहास होते. छांदिष्टाच्या डबीत ती सुरक्षित राहते यात शंका नाही, पण तेथे तिची तिन्ही सर्वनामे तशीच राहतात.